वरळीला पाहिलेले दोन संघ

क्रिकेटच्या या मुंबईत राहून मी बास्केटबॉलवर लेख लिहायला बसलो आहे, असे कळताच आमच्या सौभाग्यवतींनी हातातला सोऱ्या खाली ठेवला आणि विचारले, "अहो, दिवाळी अंकात ते वाचणार कोण?"

प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "ज्यांच्या घरी दहावीतला मुलगा किंवा मुलगी आहे ते."

सौ.नी माझ्याकडे एकवार पाहिले आणि पुन्हा चकल्या पाडायला सुरुवात केली. त्यांना सारे ठाऊक आहे. वाचकांना मात्र पहिल्यापासून सांगायला हवे.

मी जन्मभर एका बँकेत हिशेब लिहिले. त्यातली सात वर्षे नागपाड्याच्या बाजूला गेली. नागपाडा म्हणजे मुंबईच्या बास्केटबॉलचे माहेरघर. संध्याकाळी कचेरी सुटली की मी मस्तान तलावाच्या मैदानापाशी दहा मिनिटे थांबत असे. ती दहा मिनिटे पुष्कळदा तासाची होत आणि घरी गेल्यावर गाडी चुकल्याचे कारण सांगावे लागे. चेंडूला मी कधी हात लावला नाही; पण पाहून पाहून खेळ कळू लागला. पाच गडी इकडचे, पाच तिकडचे, दहा फुटांवर लोखंडी कडे आणि त्याला लोंबणारी जाळी. साधा खेळ! पण त्यात उसंत म्हणून नाही. क्रिकेटमध्ये जशी दोन चेंडूंच्या मध्ये शेजाऱ्याशी चर्चा करता येते, तशी इथे करायला गेलात तर तेवढ्यात चार गुण होऊन जातात.

शनिवारचा सामना

२०१९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या एन.बी.ए. या धंदेवाईक बास्केटबॉल संघटनेचे दोन संघ मुंबईस आले. त्या संघटनेचे सामने भारतात होण्याची ती पहिलीच वेळ. वरळीच्या एन.एस.सी.आय.च्या घुमटाखाली ४ आणि ५ तारखेला दोन सामने झाले. एक संघ इंडियाना पेसर्स, दुसरा सॅक्रामेंटो किंग्ज. सामने मोसमापूर्वीच्या सरावाचे, म्हणजे जमाखर्चात न धरले जाणारे; पण खेळाडू खरे होते.

शुक्रवारचा सामना शाळकरी मुलांसाठी राखून ठेवलेला होता. सत्तर शाळांतली सुमारे तीन हजार मुले तिथे जमली होती. त्यांत पाचवीतला आमचा नातूही होता. तो घरी आला तेव्हा त्याचा घसा पार बसला होता. जादा वेळ खेळून इंडियानाने १३२–१३१ असा एका गुणाने सामना जिंकला, एवढे त्याने आम्हाला हातवारे करून सांगितले. मग दुसऱ्या दिवशी मला नेल्यावाचून त्याने सोडले नाही. तिकिटाला काय पडले, ते मी सौ.ना अजून खरे सांगितलेले नाही.

शनिवारी मात्र चुरस नव्हती. इंडियानाने १३०–१०६ अशी सरशी केली. साडेसहा-सात फुटी माणसे मांजराच्या पावलांनी वळताना पाहून मी थक्क झालो. डोमंतास सबोनिस नावाचा इंडियानाचा एक धिप्पाड गडी चेंडू असा अलगद पुढे करी, की जणू पंगतीत वरण वाढतो आहे. नातवाला मी म्हणालो, "आपला संघ हा. इंडियाना."

तो म्हणाला, "नाही आजोबा. माझा सॅक्रामेंटो."

"अरे, ते दोन्ही दिवस हरले!"

"पण त्यांचा मालक आपल्यातला आहे ना!"

हे खरे होते. सॅक्रामेंटो संघाच्या मालकमंडळींचे म्होरके विवेक रणदिवे. ते मुंबईत जन्मले आणि वाढले. सोळाव्या वर्षी शिकायला अमेरिकेत एम.आय.टी.त गेले आणि पुढे टिब्को ही संगणक-कंपनी त्यांनी काढली. २०१३ साली सॅक्रामेंटोचा संघ सिॲटलला हलवायचे घाटत होते. त्या शहराला अव्वल दर्जाचा तेवढा एकच संघ होता आणि तोच जायला निघाला होता. अखेर इतर संघांच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी ते स्थलांतर नाकारले आणि रणदिवे यांच्या मंडळींनी संघ विकत घेऊन तो तिथेच ठेवला. एका शहराची अब्रू राखणाऱ्या माणसाचे आडनाव आपल्या चाळीत शोभावे असे निघाले, तर पाचवीतल्या मुलाने त्याची बाजू का घेऊ नये?

रणदिव्यांची आणखी एक गोष्ट पुढे उपयोगी पडेल म्हणून सांगून ठेवतो. त्याच्या आधी कधीतरी त्यांनी आपल्या बारा वर्षांच्या मुलीच्या संघाला खेळ शिकवला होता. स्वतः वाढले क्रिकेट-फुटबॉलवर. गुण झाला की संघ मागे पळतो आणि प्रतिपक्षाला अर्धे मैदान आयते मोकळे सोडतो, हे त्यांना कोडे वाटले. म्हणून त्यांनी मुलींना शिकवले, की मागे पळायचे नाही; प्रतिपक्षाला त्याच्याच टोकाला धरायचे, साऱ्या मैदानभर सतावायचे. त्या साध्याच मुली देशपातळीच्या स्पर्धेपर्यंत जाऊन पोचल्या. माल्कम ग्लॅडवेल या लेखकाने ही हकीकत लिहून जगभर केली.

अशा रीतीने आमच्या घरात दोन पक्ष झाले. नातू सॅक्रामेंटोचा. मी इंडियानाचा, कारण घरात कोणीतरी विरोधी पक्षात असावे लागते.

वहीतली दोन पाने

अमेरिकेतली रात्र ती आपली सकाळ. त्यामुळे तिकडचे सामने आमच्याकडे चहाबरोबर येतात. मोसम ऑक्टोबरात सुरू होतो आणि एप्रिलात संपतो. तेवढ्या अवधीत प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. ४१ घरी, ४१ परगावी. आज हरले की परवा पुन्हा सामना. कधी कधी तर उद्याच, आणि तोही विमानाने तीन तास लांबच्या गावी. आपल्याकडे एक कसोटी हरली की पंधरवडाभर सुतक पाळतात. तिकडच्या माणसाला सुतक पाळायला सवडच नाही!

जुन्या सवयीने मी एक वही घातली. डावीकडे इंडियाना, उजवीकडे सॅक्रामेंटो. तारीख, गुण, हार की जीत. पहिली दोन वर्षे लिहून झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. उत्तम संघही तीन-चार सामने ओळीने हरतो, आणि टाकाऊ संघही आठवडाभर सिंहासारखा खेळतो. एखादे पान पाहून संघ ओळखायचा म्हटले तर फसगत ठरलेली.

याचे एक कारण हिशेबानेच सांगता येते. हल्ली या खेळात लांबून फेकलेल्या चेंडूला तीन गुण मिळतात. संघ एका सामन्यात अशा पस्तीसेक फेकी करतो. त्यांतल्या साधारण छत्तीस टक्के पडतात, म्हणजे बारा-तेरा. पण सरासरी म्हणजे रोजचा रतीब नव्हे. तेच हात, तीच नजर, तीच मेहनत असूनही एका रात्री दहा पडतात आणि दुसऱ्या रात्री सोळा. सहा फेकींचा फरक म्हणजे अठरा गुणांचा फरक! आणि या खेळात सामने जातात ते दोन-चार गुणांनी. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे लिहितात, की संघाची जिद्द संपली, प्रशिक्षकाचे डोके चालेनासे झाले. कड्याच्या काठावर आपटून चेंडू चार वेळा आत पडण्याऐवजी बाहेर पडला, असे लिहिले तर कोण वाचणार?

२०२२ च्या फेब्रुवारीत आमच्या घरी मोठेच भांडण झाले. वरळीला आलेल्या याच दोन संघांनी आपसात खेळाडूंची अदलाबदल केली. माझा वरणवाढप्या सबोनिस सॅक्रामेंटोला गेला. तिकडून बडी हील्ड आणि टायरीझ हॅलिबर्टन नावाचा एकवीस वर्षांचा शेलाटा पोरगा इंडियानाला आला. नातवाला हॅलिबर्टन फार आवडे. त्याने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. जसे काही तो सौदा मीच केला होता.

पण वर्षभरात त्याचे पान फळफळले. सॅक्रामेंटोचा संघ ओळीने सोळा मोसम बाद फेरीत पोचला नव्हता. त्या संघटनेच्या इतिहासात इतका लांब उपास दुसऱ्या कोणाला घडलेला नाही. २०२२–२३ मध्ये माइक ब्राउन हे नवे प्रशिक्षक आले, सबोनिस आणि डीॲरन फॉक्स यांची जोडी जमली आणि संघाने ४८ सामने जिंकले. विजय झाला की आपल्या मैदानाच्या छपरावरून जांभळ्या प्रकाशाचा झोत आकाशात सोडायचा, ही प्रथा त्याच मोसमातली. ब्राउन यांना सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान मिळाला, आणि तोही एकमताने. असे पूर्वी कधी झाले नव्हते. बाद फेरीत मात्र गोल्डन स्टेटशी सातव्या, निर्णायक सामन्यापर्यंत झुंज देऊन हा संघ हरला. आपल्याकडे तेव्हा महाराष्ट्र दिनाची रात्र होती, म्हणून जागायची परवानगी मिळाली होती. स्टीफन करी या एकट्या माणसाने ५० गुण केले. नातू उशीत तोंड खुपसून झोपला. सकाळी उठल्यावर म्हणाला, "पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी ४६ विजय. दोनच कमी, पण तेवढ्यानेच संघ नवव्या क्रमांकावर गेला आणि बाद फेरी हुकली.

एकच डिसेंबर, दोन निकाल

आता येतो २०२४ चा डिसेंबर. नातू दहावीत होता. सहामाहीत त्याला गणितात शंभरापैकी ५२ गुण पडले होते. घराजवळच एक सर चार-पाच मुले घेऊन शिकवत. नातू त्यांच्याकडे दोन वर्षे जात होता. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "याचे गणित सत्तर-पंचाहत्तरचे आहे. मध्ये खाली-वर होईल. काळजी करू नका."

मी काळजी केली. चिरंजीव आणि सूनबाई दोघेही नोकरीला जाणारे. घरात हिशेबाचा अधिकारी मी. मी म्हणालो, ५२ म्हणजे ५२. आकडा खोटे बोलत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्याचे नाव दुसऱ्या, मोठ्या वर्गात घातले. पाट्या आणि फी दोन्ही मोठ्या होत्या. त्याचा चेंडूही माळ्यावर टाकला. दहावी झाल्यावर खेळ, असे बजावले.

त्याच आठवड्यात माझ्या वहीच्या डाव्या पानावर इंडियानाच्या नावे १० विजय आणि १५ पराभव होते. संघाचे दोन उंच राखीव खेळाडू, वाइजमन आणि जॅक्सन, मोसमाच्या आरंभीच टाचेचा स्नायूबंध तुटून वर्षभरासाठी बाद झाले होते. इतरही दोघे-तिघे जायबंदी होते. हॅलिबर्टनचा हात तर असा रुसला होता, की न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ऑक्टोबरात त्याने आठ फेकी केल्या आणि एकही पडली नाही. सबंध सामन्यात गुण शून्य! इंडियानाच्या मालकांनी काय केले? काही केले नाही. रिक कार्लाइल हे २०२१ पासून प्रशिक्षक होते, ते तसेच राहिले. त्यांच्या पहिल्या मोसमात २५ विजय आणि ५७ पराभव असे दिवाळे निघाले होते, तेव्हाही त्यांना कोणी हलवले नव्हते.

उजव्या पानावर सॅक्रामेंटोचे १३ विजय आणि १८ पराभव. ख्रिसमसच्या सुमारास ते आपल्या घरच्या मैदानावर ओळीने पाच सामने हरले. त्यांतला एक, हिशेब जुळावा तसा, इंडियानाशीच होता. तो २७ गुणांनी गेला. पण उरलेल्या चारांपैकी दोन केवळ एकेका गुणाने गेले होते. शेवटचा तर डेट्रॉइटविरुद्ध, जिंकत आणलेला, अखेरच्या तीन सेकंदांत निसटला. दुसऱ्या दिवशी, २७ डिसेंबरला, माइक ब्राउन यांना काढून टाकण्यात आले. दीड वर्षापूर्वी ज्यांना एकमताने सर्वोत्तम ठरवले आणि सहाच महिन्यांपूर्वी ज्यांचा करार वाढवून दिला, ते हे गृहस्थ. २०१३ नंतर या संघाने किती प्रशिक्षक बदलले ते मोजायला मला बोटे अपुरी पडली नाहीत, एवढेच. पण एका हाताची मात्र नक्कीच पुरली नाहीत.

नातू त्या दिवशी चिडला होता. मला म्हणाला, "आजोबा, दोन सामने एकेका गुणाने गेले. त्यात सरांची काय चूक?"

'सर' हा शब्द त्याने सहज वापरला असेल. मला तो लागला. पण मी काही बोललो नाही.

आता खरी मौज पाहा. नवे प्रशिक्षक डग क्रिस्टी आले आणि सॅक्रामेंटोने जानेवारीत विजयांची माळच लावली. इकडे नव्या वर्गाच्या पहिल्या चाचणीत नातवाला ८१ गुण! मी पेढे आणले. मालकही खूश, मीही खूश. बदल लागू पडला म्हणून दोघांनीही आपापली पाठ थोपटून घेतली असणार.

बँकेत चाळीस वर्षे घालवलेल्या माणसाला हे कळायला हवे होते. संघ दैवाने फार खाली गेलेला असताना आपण काहीही केले, प्रशिक्षक बदलला काय किंवा सत्यनारायण घातला काय, तरी पुढचे चार दिवस बरे जाण्याचाच संभव अधिक. कारण तो मुळात तेवढा वाईट नव्हताच. आपण बदल करतो तो नेमका पडत्या काळात. मग चढ आला की श्रेय बदलाला देतो.

पुढचे आकडे वहीत आहेत. फेब्रुवारीत फॉक्सलाही सॅक्रामेंटोने दुसऱ्या संघाला देऊन टाकले. मोसमाअखेर ४० विजय, ४२ पराभव. बाद फेरीच्या पात्रता सामन्यात डॅलसशी घरीच हार. आणि नातू? सराव परीक्षेत ६३. मोठ्या वर्गातल्या साठ मुलांत त्याला नावाने कोणी ओळखत नव्हते, हे त्याने मला बोर्डाची परीक्षा झाल्यावर सांगितले.

टाचेचा स्नायूबंध

डाव्या पानावर काय झाले? १०–१५ वरून निघालेला इंडियानाचा संघ मोसमाअखेर ५०–३२ वर जाऊन थांबला. म्हणजे त्या आठवड्यानंतर ४० विजय आणि १७ पराभव. जायबंदी गडी एकेक करून परतले, हॅलिबर्टनचा हात पुन्हा वळला. नवा मंत्र कोणताही नाही. आणि हा संघ खेळत होता कसा? प्रतिपक्षाला त्याच्याच टोकाला धरून, साऱ्या मैदानभर सतावत. रणदिव्यांनी आपल्या मुलीच्या संघाला शिकवलेली तीच विद्या. फक्त मैदानाची बाजू दुसरी होती.

बाद फेरीतले ते दोन महिने मी विसरणार नाही. एप्रिलअखेर मिलवॉकीविरुद्ध जादा वेळेत सात गुणांनी मागे, शेवटचे मिनिटही पुरते उरलेले नाही, आणि ११९–११८ असा विजय. मे महिन्यात, मोसमात ६४ सामने जिंकलेल्या क्लीव्हलंडला त्यांच्याच घरी १२०–११९. हॅलिबर्टनची लांब फेक पडली तेव्हा घड्याळात १.१ सेकंद होते. मग न्यूयॉर्क. तेच मॅडिसन स्क्वेअर गार्डन, जिथे सात महिन्यांपूर्वी त्याचा भोपळा झाला होता. तीन मिनिटेही उरली नव्हती आणि इंडियाना चौदा गुणांनी मागे. ॲरन नीस्मिथने त्या एका शेवटच्या भागात सहा लांब फेकी पाडल्या. अखेरच्या क्षणी हॅलिबर्टनने फेकलेला चेंडू कड्यावर आपटून उंच उडाला, वर जाऊन जरा विचारात पडल्यासारखा झाला, आणि सरळ जाळीत उतरला. बरोबरी, आणि जादा वेळेत १३८–१३५ असा विजय. थोड्याच दिवसांपूर्वी खेळाडूंच्याच एका निनावी मतदानात 'उगाच डोक्यावर घेतलेला' म्हणून सर्वांत जास्त मते याच पोराला पडली होती.

मधेच मे महिन्यात दहावीचा निकाल लागला. नातवाला गणितात ७४. मी आकडा पुन्हा पाहिला. सत्तर-पंचाहत्तर! भाजी बाजारात ते पहिले सर भेटले. त्यांनी आपणहून विचारले, "काय म्हणतो आपला गडी? किती पडले?" मी सांगितले. ते हसून म्हणाले, "छान झालं." मला मान वर करवेना.

अंतिम फेरीत गाठ पडली ओक्लाहोमा सिटीशी. मोसमात ६८ विजय मिळवलेला बलाढ्य संघ. पहिल्याच सामन्यात हॅलिबर्टनने ०.३ सेकंद उरले असताना चेंडू पाडून १११–११० केले. सबंध सामन्यात इंडियाना पुढे होती ती तेवढीच! तीन-तीन अशी बरोबरी होऊन सातवा सामना आला. २३ जूनच्या सोमवारी पहाटे साडेपाचला आम्ही दोघे दिवाणखान्यात आवाज बंद करून बसलो. नातू त्या दिवसापुरता माझ्या पक्षात आला होता.

हॅलिबर्टनची पोटरी आधीच दुखावलेली होती. तरी तो उतरला आणि पहिल्या काही मिनिटांतच तीन लांब फेकी पाडून नऊ गुण केले. मग चेंडू घेऊन पुढे झेप घेताना तो एकाएकी कोसळला. कोणाचा धक्का लागला नव्हता. उजव्या टाचेचा स्नायूबंध तुटला होता. तो हाताने जमीन बडवत होता. आवाज बंद असूनही आम्हाला तो ऐकू आल्यासारखे झाले. उरलेली मंडळी जिद्दीने खेळली. मध्यंतरास इंडियाना ४८–४७ अशी एका गुणाने पुढेही होती. पण शेवटी १०३–९१ अशी हार झाली.

म्हणून वाचकहो, धीर धरला की विजय मिळतो, असे तात्पर्य मी सांगणार नाही. तसे सांगितले तर माझी वहीच मला खोटे पाडील. इंडियानाचे मालक तरी कुठे जन्मजात साधू होते? वरळीला आलेल्या त्यांच्या प्रशिक्षकांना त्यांनी पुढच्याच वर्षी, करार वाढवून पुरता महिना झाला नाही तोच काढले. त्यांच्या जागी आणलेल्यांना एका मोसमात. उलट, २०१४ च्या डिसेंबरात सॅक्रामेंटोने ज्या मायकेल मलोन यांना काढले, त्यांनी डेन्व्हरला ठाण मांडून २०२३ मध्ये अजिंक्यपद मिळवून दिले. आणि त्याच डेन्व्हरने २०२५ च्या एप्रिलात, मोसमाचे तीन सामने उरलेले असताना, त्यांना घरी पाठवले. धीराला बक्षीस मिळेलच असे नाही. एक स्नायूबंध तुटला की संपले.

पण बक्षीस मिळत नाही म्हणून हिशेब चुकीचा लिहायचा काय? पंचवीस सामन्यांना ब्याऐंशी समजणे ही चूकच, मग शेवटी जिंका की हरा. आणि एका सहामाहीवरून मुलाची किंमत करणे हीसुद्धा चूकच. ती चूक मी केली. ७४ पडले म्हणून ती पुसली जात नाही. ८४ पडले असते तरी पुसली गेली नसती.

त्या सोमवारी सामना संपल्यावर नातवाने विचारले, "आजोबा, वहीत काय लिहिणार?"

मी तारीख घातली, १०३–९१ लिहिले आणि पेन ठेवले. मग म्हणालो, "डिसेंबरात तुझे सर बदलले ते माझे चुकले. तुझा चेंडू माळ्यावर टाकला, तेही."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "शिडी कुठे आहे?"

माळ्यावरून चेंडू काढला तेव्हा तो अगदी बसला होता. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून हवा भरून घेतली आणि तो खाली गेला. तासाभराने घामाघूम होऊन परत आला, तेव्हा मी गाडी चुकल्याचे वगैरे कारण विचारले नाही.

हॅलिबर्टन पुढचा सबंध मोसम खेळणार नाही, असे जुलैतच जाहीर झाले. वरळीला पाहिलेल्यांपैकी माइल्स टर्नर मिलवॉकीला गेला. ऑगस्टात इंडियानाने कार्लाइल यांचा करार मात्र वाढवला. २०२५ च्या ऑक्टोबरात नवा मोसम सुरू झाला आणि पहिलाच सामना त्याच ओक्लाहोमा सिटीशी, दोनदा जादा वेळ खेळून, हरले. मग दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. पाचही हार. त्याच सुमारास अकरावीची पहिली चाचणी झाली. कागद नातवाने माझ्यापुढे ठेवला. गणितात पन्नासांपैकी एकवीस.

मी चष्मा पुसला, कागद पाहिला, आणि तो घडी घालून वहीत, डाव्या पानाशी ठेवून दिला. सौ. चहा घेऊन आल्या. नातवाने वहीतल्या पाच ओळींवरून बोट फिरवले आणि म्हणाला,

"आजोबा, अजून सत्त्याहत्तर आहेत."